तांब्याची जेझवे: घ्यावी, पण विस्तव ओळखून

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाची सोय होईल. इस्तंबूलला जाणार असाल आणि कॉफीची आवड असेल, तर ठोक्याची, म्हणजे हातोडीने घडवलेली, आतून कल्हई केलेली तांब्याची जेझवे जरूर घ्या. दोन फिंजानांची, म्हणजे तुर्की कॉफीच्या दोन छोट्या कपांची घ्या, त्याहून मोठी नको. घरी फक्त इंडक्शनची शेगडी असेल तर घेऊ नका. आणि आधण चढवून फोनवर बोलत दुसऱ्या खोलीत जायची सवय असेल, तर मुळीच घेऊ नका.

जेझवे म्हणजे तुर्की कॉफी करायचं लांब दांड्याचं छोटं भांडं. बूड रुंद, गळा आवळलेला, ओठ पुन्हा जरा बाहेर झुकलेले आणि एका अंगाला ओतायला चोच. झाकण नसतं. यातला ज ‘जेवणा’तला आणि झ ‘झाडा’तला, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द पहिल्या झटक्यात जमतो. रोमन लिपीतलं स्पेलिंग वाचून ‘सेझ्वे’ मागणारे गोरे पर्यटक दुकानात भेटतात. दुकानदार त्यांना दुरुस्त करत नाही, भांडं काढून देतो.

माझी उमर प्लेटिंगच्या धंद्यात गेली. निकेल, क्रोम, जस्त, कथील असल्या टाक्यांच्या वाफेत उभं राहून संसार केला. त्यामुळे कुठलंही धातूचं भांडं हातात आलं की लोक बाहेरची नक्षी बघतात आणि मी आत बोट फिरवतो. हे परीक्षण त्याच नजरेचं आहे. कॉफीतला मी जाणकार नाही. पिणारा आहे.

लेक इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, कादिकॉयला राहते. तिथून बोटीने पाणी ओलांडून एमिनोनूला उतरायचं, तहताकालेच्या गल्ल्यांतून वाट काढायची आणि उझुनचार्शी नावाच्या चढाच्या रस्त्याने बेयाझीतकडे चालत सुटायचं. उझुनचार्शी म्हणजे लांब बाजार, आणि तो आहेही तसाच. दोरखंड, तराजू, लाकडी लाटणी, हुक्क्याच्या नळ्या, मधूनच तांब्यापितळेची दुकानं. वर ग्रँड बझारच्या छपराखाली जो माल मिळतो त्यातला बराच इथे कमी बोलाचालीत मिळतो. रविवारी मात्र जाऊ नका. ग्रँड बझार बंद असतो आणि त्याच्या आधारावर जगणारी आजूबाजूची दुकानंही बरीचशी बंद असतात.

दुकानांत दोन जातींच्या जेझवे टांगलेल्या दिसतात. पहिली जात दुरूनच लकाकते. अंगावर ट्युलिपची फुलं, कधी मशिदींची रांग, दांडा पितळेचा आणि भरपूर नक्षीचा. उचलली की हात आपोआप वर जातो इतकी हलकी. पत्रा यंत्रावर दाबून बनवलेला, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लकाकी तांब्याची नसते, वरच्या लॅकरची असते. हे लॅकर विस्तवावर जळतं, पिवळं पडतं आणि घरभर वास सोडतं. आत बघितलं तर आरशासारखं चकचकीत. हौसेने शोकेसमध्ये ठेवायला ही बरी. तिच्यात कॉफी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जात कोपऱ्यात असते आणि मागावी लागते. ‘दोव्मे बाकिर’ म्हणायचं, म्हणजे ठोकलेलं तांबं. आपल्याकडे मठारलेलं भांडं म्हणतात तेच. अंगभर हातोडीचे चट्टे, काठाशी दीड ते दोन मिलिमीटरची जाडी, दोन फिंजानांची असूनही पाव किलोच्या आसपास वजन. आतला पांढरा रंग मंद असतो आणि त्यात पुसल्याचे फराटे दिसतात. गिऱ्हाईक ते फराटे बघून नाक मुरडतं. मला तेच हवे होते, कारण ती हाताने केलेल्या कल्हईची सही असते. इलेक्ट्रोप्लेटिंगने दिलेला कथलाचा थर एकसारखा आणि देखणा असतो, पण काही मायक्रॉनांचाच. हाताने पुसलेला थर ओबडधोबड असला तरी त्याच्या कितीतरी पट जाड बसतो. मी स्वतः प्लेटिंगवाला असून हे सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

ज्या दुकानातून घेतली त्याला पाटी नव्हती. आत चाळिशीचा कारागीर ओंडक्यात रोवलेल्या लोखंडी खुंटावर भांडं फिरवत ठोकत बसला होता. मला त्याने ‘अमजा’ म्हटलं, म्हणजे काका. लेक मला ‘बाबा’ म्हणाली तेव्हा त्याने हातोडी थांबवली, कारण त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. मी कल्हईबद्दल विचारायला तोंड उघडलं आणि लेकीचं दुभाष्याचं काम तिथेच कमी झालं. कथलाला तुर्कीत म्हणतात ‘कालाय’. कल्हईवाला तो ‘कालायजी’. कल्हईच्या आधी तापल्या भांड्यात टाकतात तो नवसागर, त्याला ते म्हणतात ‘निशादिर’. आमच्या दोघांच्या धंद्याचा माल एकाच अरबी-फारसी पेठेतून आलेला. अरबीत या कथलाला ‘कलई’ म्हणत, आणि जुने अरब भूगोलकार ते नाव मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलह नावाच्या बंदराशी जोडतात, कारण कथील तिथून जहाजांनी येई.

मी विचारलं, यात शिसं आहे का? हा प्रश्न कुठल्याही कल्हईवाल्याला विचारलाच पाहिजे, कारण स्वस्तात काम उरकायला कथलात शिसं मिसळण्याची खोड जुनी आहे. तो रागावला नाही. फळीवरची कथलाची कांडी उचलून त्याने माझ्या कानाशी धरली आणि वाकवली. शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं, आतले स्फटिक सरकतात त्याचा तो आवाज. शिसं जास्त मिसळलं की कांडी गुपचूप वाकते. ही कुरकुरली. पुढे घासाघीस करायचं माझ्या मनात राहिलं नाही. २०२४ सालच्या त्या उन्हाळ्यात त्याने साडेआठशे लिरा सांगितले आणि मी दिले. नक्षीवाली हलकी जात निम्म्यात मिळत होती.

निघताना सहज विचारलं की जेझवे या शब्दाचा अर्थ काय. त्याने हातातली जेझवे वर करून दाखवली. जेझवे म्हणजे जेझवे.

अर्थ कळला तो लेकीच्या शेजारणीकडून. त्या मूळच्या अलेप्पोच्या, सिरियातल्या लढाईनंतर इस्तंबूलला आलेल्या, तिकडे शाळेत अरबी शिकवायच्या. लेक त्यांना ‘तेयझे’ म्हणते, म्हणजे मावशी. मी भांडं दाखवलं तर त्या म्हणाल्या, ही तर आमची ‘रक्वे’. लेबनॉन-सिरियाकडे या भांड्याला रक्वा किंवा रक्वे म्हणतात, आणि जुन्या अरबीत त्या शब्दाचा अर्थ चामड्याचं छोटं पाण्याचं भांडं असा होता. इजिप्तमध्ये यालाच ‘कनका’ म्हणतात. मग हे जेझवे काय प्रकरण आहे, असं मी विचारलं. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला आणि म्हणाल्या, हा आमचाच शब्द आहे, पण आम्ही तो भांड्याला वापरत नाही. मूळ शब्द ‘जध्वा’. अर्थ निखारा. पेटतं लाकूड, ज्याच्या टोकाला विस्तव धरून राहिलेला असतो ते.

कुराणात हा शब्द आहे, हे त्यांनीच सांगितलं. अट्ठाविसावी सूरा, म्हणजे अध्याय, अल-कसस. मूसा, म्हणजे बायबलातला मोझेस, बायकामुलांना घेऊन निघाला आहे, तूर पर्वताच्या अंगाला त्याला जाळ दिसतो. तो घरच्यांना म्हणतो, तुम्ही इथेच थांबा, मी तिकडून काही खबर घेऊन येतो, नाहीतर निदान आगीतली एखादी जध्वा आणतो, म्हणजे तुम्हाला शेकता येईल. ‘ज’वर अकार, इकार, उकार, तिन्ही चालतात आणि पठणाच्या वेगवेगळ्या परंपरांत तिन्ही ऐकू येतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. शिक्षकी पेशा.

मधलं ‘ध’ हे आपलं ध नव्हे. जीभ दातांना लावून काढायचा तो आवाज. तो तुर्कांच्या तोंडात नाही, फारसीतही नाही. दोन्हीकडे तो सरळ ‘झ’ होतो. अरबी ‘धिम्मा’ फारसीमार्गे आपल्याकडे येईपर्यंत ‘जिम्मा’ झाला, तीच तऱ्हा. अरबी लिपीत लिहीत होते तोवर निदान अक्षरावरून कूळ ओळखता येई. १९२८ साली तुर्कीने लॅटिन लिपी घेतली आणि ती खूणही गेली. त्यामुळे कारागिराने भांडं वर करून दाखवलं यात त्याचा काही दोष नाही. निखाऱ्याला तुर्कीत त्यांचा स्वतःचा शब्द आहे, ‘क्योझ’. जेझवेत निखारा दडलाय हे तुर्की माणसाला सहसा जाणवत नाही. आणि गंमत म्हणजे बाजारात पाट्या लागलेल्या असतात, ‘क्योझदे काहवे’, निखाऱ्यावरची कॉफी. अरबी निखारा तुर्की निखाऱ्यावर ठेवून पर्यटकाला दुप्पट भावात विकतात.

विस्तवाचं नाव भांड्याला कसं चिकटलं ते भांडं वापरायला लागलं की समजतं. हे भांडं जाळावर ठेवायचं नाहीच. पूर्वी मंगल म्हणून पितळेची शेगडी घरात असे. तिच्यात राखेखाली निखारे फुलवलेले असत आणि जेझवे त्या राखेत कडेने सरकवत. तुर्कीत आजही ‘जेझवे सुर्मेक’ म्हणतात, म्हणजे जेझवे सारणे, पुढे ढकलणे. दांडा एवढा लांब का, याचं उत्तर त्या क्रियापदात आहे. वरून उचलून ठेवायचं भांडं असतं तर कान पुरले असते.

तर माझं सांगणं एवढंच आहे की या वस्तूबरोबर वापराची पत्रिका मिळत नाही, पण नावातच ती दिलेली आहे. निखारा द्या, जाळ देऊ नका. हे पाळलं तर साडेआठशे लिरा वसूल. नाही पाळलं तर पहिल्याच आठवड्यात भांडं बिघडेल आणि दोष तुम्ही कारागिराला द्याल.

कारण सरळ धातूचं आहे. तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीसपट तरबेज. बुडाला लागलेली धग क्षणात गळ्यापर्यंत पोचते, सगळीकडून सारखी तापते, म्हणून मंद आचेवरही काम होतं. उलट बाजू अशी की आतलं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत पाणी आहे तोवर चिंता नाही, कारण पाणी शंभराच्या वर जाऊ देत नाही. रिकामं भांडं गॅसवर विसरलात की थोड्याच वेळात कल्हईचे थेंब होऊन बुडाशी गोळा होतात. गॅसचा मोठा बर्नर असेल तर भरल्या भांड्यातही धोका आहे. जाळ बुडाबाहेर येऊन अंगाला चाटतो, पाण्याच्या पातळीवरचा कोरडा गळा तापतो आणि तिथली कल्हई आधी काळवंडते, मग सुटते. दांड्याचे रिव्हेट तिथेच असतात.

लेकीकडे काचेची विजेची शेगडी आहे, आतली तार लाल होते ती. तिच्यावर जेझवे छान चालली, फक्त बूड सपाट आहे ना ते घेताना काउंटरवर ठेवून, टिचकी मारून बघावं. ठोक्याच्या कामात बूड फुगीर राहू शकतं, आणि मग भांडं भोवऱ्यासारखं फिरतं. गॅसवर ठेवायची तर सर्वांत लहान बर्नर, सर्वांत बारीक आच आणि वर लोखंडी जाळी किंवा तवा. नुसत्या बर्नरच्या चौकटीवर ती उभीच राहत नाही. बूड लहान, दांडा जड, कलंडते. इंडक्शनला तांबं ओळखू येत नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला.

आता कॉफी. एमिनोनूला मसाल्याच्या बाजाराच्या पाठीमागे तहमीस नावाची गल्ली आहे. तिच्या कोपऱ्यावर १८७१ पासून चालत आलेलं कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदीचं दुकान. दळणाचा वास अख्ख्या गल्लीला, खिडकीसमोर रांग, पण ती झरझर पुढे सरकते. पूड इतकी बारीक की बोटात पिठीसाखरेसारखी लागते. ती तशीच हवी. फिल्टर कॉफीची भरड पूड जेझवेत घातलीत तर खाली चिखल आणि वर पाणी मिळेल.

फिंजानभर गार पाणी मापून घ्यायचं, साठ-सत्तर मिलिलिटर. हे ‘फिंजान’ही अरबीचंच, आणि अरबीत ते फारसीतल्या ‘पिंगान’वरून आलेलं, कारण अरबांना प उच्चारता येत नाही. दर फिंजानाला चमचाभर, साधारण सहा-सात ग्रॅम पूड. साखर घालायची असेल तर आत्ताच, नंतर ढवळायला बंदी. म्हणून तिथे कॉफी सांगतानाच साखर सांगावी लागते: ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे बेताची, ‘शेकेर्ली’ म्हणजे गोड. सादे आणि शेकेर समजून घ्यायला मला दुभाषा लागला नाही. गारेगार असतानाच लाकडी चमच्याने एकदा ढवळायचं आणि मग हात बांधून उभं राहायचं. तीन-चार मिनिटं लागतात. कडेने फेस धरू लागतो, मध्ये येतो, गळ्याशी येऊन दाटतो. इथे गळ्याचं आवळलेपण कामाला येतं. फेसाला पसरायला जागा नसते, म्हणून तो जाड होतो आणि वर चढतो. उकळी फुटायच्या आत उतरवायचं. उकळी फुटली की फेस बसला, आणि बसलेला फेस पुन्हा येत नाही. चमच्याने थोडा थोडा फेस आधी प्रत्येक फिंजानात घालायचा, मग वरून कॉफी ओतायची. पाहुण्याला बिनफेसाची कॉफी देणं तिथे कमीपणाचं मानतात.

ठोक्याच्या जेझवेतला फेस आणि लेकीच्या विजेच्या यंत्रातला फेस मी शेजारी ठेवून बघितला. तुर्कीत ही यंत्रं आता घरोघर आहेत. बटण दाबलं की कॉफी वर आली हे यंत्राला समजतं आणि ते स्वतःच बंद होतं. खरं सांगायचं तर फेसात मोठा फरक नाही. यंत्र दर वेळी सारखीच कॉफी देतं, हे त्याच्या बाजूने मान्य केलं पाहिजे. चवीत मला जेझवेची कॉफी गोलसर वाटली, कारण मी आच जरा जास्तच बारीक ठेवत होतो. यंत्राला तो धीर नसतो. जावई यंत्राच्या बाजूचा आहे. सकाळी ऑफिसला पळणाऱ्या माणसाशी मी या विषयावर वाद घालत नाही.

दोष सांगितले नाहीत तर परीक्षण कसलं. एक, माझ्या जेझवेचा दांडा पितळेचा आहे आणि तो तापतो. लाकडी दांड्याची मिळत असेल तर ती घ्या, दिसायला साधी असली तरी. दोन, चोच डाव्या बाजूला आहे, म्हणजे उजव्या हाताने ओतणाऱ्यासाठी. लेक डावखुरी आहे, तिला मनगट उलटं वळवावं लागतं. दोन्हीकडे चोच असलेल्याही मिळतात, त्या बाजारात विचाराव्या लागतात. तीन, रिव्हेटच्या डोक्यांभोवती कल्हई नीट बसलेली नव्हती, तांब्याची लालसर कड दिसत होती. हे मी दुकानातच दाखवलं, त्याने तिथल्या तिथे भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने पुन्हा पुसून दिलं. पांढरा धूर, तोच खोकला आणणारा वास. लेक दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली, मी आतच थांबलो.

ही कड किरकोळ वाटली तरी सोडू नये. कॉफी आम्लधर्मी असते. कल्हई उडालेल्या तांब्यात ती करून ठेवली तर कळकते, तोंडाला धातूची चव येते, आणि ओलसर राहिलेल्या जागी हिरवा गंज धरतो. म्हणून आत धातूचा चमचा नको, तारेचा घासणी-गोळा नको, डिशवॉशर तर नकोच. कॉफी ओतली की कोमट पाण्याने विसळायची, फडक्याने पुसायची, पालथी ठेवायची. बाहेरून काळी पडते ती पडू द्यावी. लिंबू-मिठाने लखलखीत करता येते, पण ते पाणी आत जाऊ देऊ नका. रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा कल्हई लागणार, हे धरूनच किंमत मोजावी.

दुकानात नावाचा एक घोळ होतो, त्याबद्दल सावध करतो. परदेशी संकेतस्थळांवर आणि कॉफीवाल्या मंडळींत या भांड्याला सर्रास ‘इब्रिक’ म्हणतात. कॉफीच्या जागतिक स्पर्धेच्या नावातही जेझवे आणि इब्रिक अशी दोन्ही नावं जोडीने आहेत. त्याला आधार आहे: रुमानियात याला इब्रिकच म्हणतात, ग्रीसमध्ये ‘ब्रिकी’, आणि ते शब्द तुर्कीतूनच तिकडे गेले. पण इस्तंबूलच्या बाजारात इब्रिक मागाल तर तुमच्यासमोर तोटीची, पोटाची, कानाची मोठी सुरईवजा झारी येईल, हातपाय धुवायला पाणी घालायची. शब्दाशी प्रामाणिक राहिलं तर तुर्क बरोबर आहेत. अरबी ‘इब्रीक’ हा फारसीतल्या ‘आब’ आणि ‘रेझ’, पाणी आणि ओतणे, यांच्यावरून आलेला. म्हणजे इब्रिकचं नाव पाण्यावरून आणि जेझवेचं विस्तवावरून. दोन्ही एकच समजून विकणाऱ्या विक्रेत्याकडून बाकी माहितीही जपूनच घ्यावी. बोस्नियात साराएवोला ‘जेझवा’ मागितलीत तर मात्र चालेल, तिकडच्या तांबटांच्या गल्लीतही हेच नाव आहे. रशियनमध्येही जेझवा म्हणतात, शिवाय ‘तुर्का’ असंही.

अलेप्पोच्या मावशींना जेझवेतली कॉफी पाजली. त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाल्या, वेलदोडा कुठाय? त्यांच्याकडे कॉफीत वेलदोडा हवाच, तुर्क घालत नाहीत. मग लेकीने त्यांना आठवण करून दिली की इस्तंबूलला कॉफीचं पहिलं दुकान तुमच्याच माणसाने काढलंय. ही गोष्ट खरी आहे. १५५५च्या सुमारास अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स अशा दोघांनी तहताकालेत कॉफीखाना उघडला, अशी नोंद पेचेवी नावाच्या ऑटोमन इतिहासकाराने करून ठेवली आहे. मावशी म्हणाल्या, मग वेलदोडा वाटेत कुणी काढला?

मापाबद्दल दोन शब्द, कारण तिथेच बहुतेकांची खरेदी फसते. जेझवे फिंजानांच्या संख्येवर विकतात. पाचाची घेऊन तिच्यात एकाची कॉफी करायला गेलात तर पाणी बुडाशीच राहतं, गळ्यापर्यंत पोचत नाही आणि फेस धरत नाही. वर सांगितलं तसं कोरडं अंगही तापतं. घरात दोघं पिणारे असतील तर दोनाची घ्या, चार पाहुणे आले तर दोनदा करा. कारागीर मला चाराची गळ्यात मारायला बघत होता, हे त्याच्या बाकी सचोटीला धरून सांगतो. धंदा आहे.

आणताना सामानात कपड्यांत गुंडाळून टाकली तरी चालते, ठोक्याचं तांबं सहज चेपत नाही. दांडा तेवढा सांभाळा. कॉफीची पूड मात्र थोडीच आणा, इतकी बारीक दळलेली पूड लवकर शिळी होते आणि शिळ्या पुडीला जेझवे कितीही चांगली असली तरी फेस येत नाही. पुन्हा कल्हई करायची वेळ आली की नेहमीच्या कल्हईवाल्याकडे न्या. त्याला कॉफीचं वगैरे काही सांगत बसू नका. कथील शुद्ध वापर आणि रिव्हेटच्या कडा सोडू नकोस, एवढं बजावा आणि कांडी कानाशी वाकवून घ्या.